12 वर्षांवरच्या मांजरीचं ड्राय फूड: आठ महिन्यांचा अनुभव, आणि ती झिप

बिघडलेल्या झिपची पिशवी परत घ्यायला काल कंपनीकडून तिसऱ्यांदा नकार आला, म्हणून लिहायला बसले.

मनी 14 वर्षांची आहे, वजन साडेतीन किलो. डिसेंबरात दिवसाआड उलटी, शी पातळ. डॉक्टरांनी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि थायरॉइड तपासलं, दोन्ही ठीक निघालं. तेव्हा ‘पचायला हलकं’ हे खाणं सुरू केलं. म्हातारी झाली म्हणून प्रोटीन कमी करा, असं शेजारीपाजारी सांगतात. किडनीचं निदान नसेल तर कृपा करून ऐकू नका. या वयात मांजरीचं अंग आधीच झडत असतं, तिला चांगलं प्रोटीन लागतं.

जुन्या दाण्यांत नवे मिसळत दहा दिवसांत पूर्ण बदल केला. फेब्रुवारीपर्यंत उलटी बंद, शी बांधून. तेव्हाच लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं.

जूनमध्ये सगळं बिघडलं. मनी वाटीपाशी यायची, हुंगायची आणि वाटीभोवतीची फरशी पंजाने ओरबाडायची, शी झाकतात तशी. खाल्लंच तर तासाभरात उलटी. मला वाटलं कंपनीने माल बदलला. उकडलेलं चिकन सुरू केलं, दोन आठवडे तेच. डॉक्टर रागावले. चार दिवस पोटाला आराम म्हणून ठीक, पण नुसत्या मांसात पुरेसं कॅल्शियम नाही आणि उकडताना टॉरिन, म्हणजे मांसातलं मांजरीला लागणारं पोषक द्रव्य, पाण्यात उतरतं. टॉरिन कमी पडलं की मांजरीचे डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. मी ते पाणी रोज ओतून देत होते.

मग एकदा दाण्यांची पिशवी नाकाशी धरली. जुन्या सुक्या खोबऱ्यासारखा खवट वास! झिप नीट पाहिली. खाचेत दाण्यांचा चुरा बसतो, डावीकडून दाबत नेलं की उजवं टोक उघडतं. आम्ही रत्नागिरीत राहतो. इथे जूनमध्ये डब्यातला पापडसुद्धा मऊ पडतो, मग दाण्यांवरची चरबी कशी टिकणार? मनी दिवसाला 40 ग्रॅम खाते, म्हणजे 2 किलोची पिशवी 50 दिवस उघडी. त्याच खाण्याची 400 ग्रॅमची नवी पिशवी फोडली, तर बयेने वाटी चाटून ठेवली. म्हणजे खाणं चांगलंच होतं. त्याला नावं ठेवली होती, ती मागे घेते.

पण पिशवीला माफी नाही. झिपचा व्हिडिओ पाठवला, बॅच नंबर पाठवला. उत्तर एकच, उघडलेली पिशवी परत घेत नाही. अहो, उघडल्याशिवाय झिप बिघडलेली कळणार कशी? अर्धा किलो दाणे फेकले. किलोमागे पैसे वाचतात म्हणून मोठी पिशवी घेतली होती, ते वाचलेले पैसे त्या अर्ध्या किलोत गेले.

आता 400 ग्रॅमचीच घेते. पिशवी तशीच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते आणि उघडल्याची तारीख पेनाने लिहिते. दाणे नुसते डब्यात ओतू नका, तळाला तूप धरल्यासारखा थर बसतो आणि तोच खवट होतो.

दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के, वेट फूडमध्ये पाऊणहून जास्त. मनीला शीचा खडा व्हायचा, म्हणून संध्याकाळी अर्धा पाउच देते, कोमट पाण्यात वाटी ठेवून. कोमट केलं की वास सुटतो, म्हातारं नाक ओळखतं. दिवसाचं खाणं चार वेळा थोडंथोडं. दूध बंद आहे. कांदा-लसणाचा रस्सा तर बोटभरही नाही, त्याने रक्तातल्या पेशी फुटतात.

मोठी पिशवी घरात उघडी असेल तर आज वास घेऊन बघा. आणि मांजराने अख्खा दिवस तोंड लावलं नाही तर नवं खाणं शोधत बसू नका, आधी डॉक्टर गाठा. उपाशी मांजराच्या लिव्हरवर दोन-तीन दिवसांतच चरबी चढू लागते.