घरगुती टेन्स-ईएमएस मशीन: मांडीसाठी घ्या, चेहऱ्यासाठी नको

टेन्स-ईएमएस म्हणजे कातडीवर पॅड चिकटवून विजेचे छोटे झटके देणारं मशीन: मोबाइलएवढा डबा, दोन चॅनेल (करंटच्या दोन वेगळ्या वाटा), चार चिकट पॅड आणि वायरींच्या टोकाला २ मिलिमीटरच्या पिना. ऑनलाइन बाजारात या घडणीची मशीन डझनावारी मिळतात आणि आतला मामला जवळपास सारखाच असतो. म्हणून हे परीक्षण एका ब्रँडचं नसून या जातीच्या मशीनचं आहे. गुडघ्याच्या लिगामेंटची किंवा गुडघेबदलाची शस्त्रक्रिया झाल्यावर मांडी बारीक होते आणि आवळायला गेलं तरी आवळली जात नाही. अशा रुग्णाचे पैसे वसूल होतात. जाहिरातीतल्या बाकीच्या बहुतेक दाव्यांसाठी घेऊ नका.

एकाच डब्यात दोन वेगळी कामं असतात. टेन्स दुखणं दाबण्यासाठी: ८० ते १०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितके झटके), मुंग्या जाणवतील इतकाच करंट, स्नायू हलताच कामा नये. ईएमएस स्नायू आवळण्यासाठी: ३५ ते ५० हर्ट्झ, पल्स, म्हणजे एकेक झटका, ३०० मायक्रोसेकंदांच्या आसपास. ५ हर्ट्झला स्नायू सुटासुटा फडफडतो. ५० ला ते झटके एकमेकांत मिसळतात आणि सलग आवळण बसते. त्यामुळे विकत घेताना एक अट सोडू नका: हर्ट्झ, पल्सची रुंदी आणि चालू-बंद सेकंद स्क्रीनवर आकड्यांत दिसले पाहिजेत, बदलताही आले पाहिजेत. नुसती ‘नीडिंग’, ‘कपिंग’ अशा मालिशच्या प्रकारांची चित्रं असलेलं मशीन म्हणजे गुदगुल्यांचं खेळणं. दोन्ही पाय ठेवायची ती ईएमएस चटईही त्यातच धरा. मधुमेहाने तळवे बधिर झालेल्यांनी तर तिच्या वाटेला जाऊच नये, कारण करंट किती लागतोय हेच त्यांना कळत नाही.

मांडीला लावायची पद्धत अशी. गुडघ्याच्या वाटीच्या चार बोटं वर, आतल्या बाजूच्या उंचवट्यावर एक पॅड. दुसरा मांडीच्या वरच्या भागात, पुढे आणि जरा बाहेर. ५ बाय ५ सेंटिमीटरचे पॅड मांडीला लहान पडतात: तेवढाच करंट कमी जागेतून जातो आणि स्नायू आवळण्याआधीच कातडी चुरचुरते. ५ बाय ९ चे वेगळे घ्या. गुडघा सर्जनने परवानगी दिलेल्या कोनातच ठेवा. १० सेकंद चालू, ५० सेकंद बंद, सुरुवातीला करंट हळूहळू वाढायला २ सेकंदांचा चढ. करंट चालू टप्प्यातच वाढवा, वाटी वर खेचलेली दिसेपर्यंत, आणि त्याच वेळी रुग्णाने स्वतःही मांडी आवळायची. १० ते १५ आवळणी झाल्या की बस.

५० सेकंदांची विश्रांती कंटाळवाणी वाटते, म्हणून लोक ती १० वर आणतात आणि चौथ्या-पाचव्या आवळणीला मांडी गळते. मेंदू स्नायू चालवतो तेव्हा न थकणारे छोटे गट आधी कामाला लावतो आणि पाळीपाळीने त्यांना सुटी देतो. मशीनला ही पाळी माहीत नाही. पॅडखालचे तेच ते तंतू ते एकदम आणि पुन्हापुन्हा जुंपतं, त्यामुळे थकवा लवकर येतो.

आता चेहऱ्याचं. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, म्हणजे लकवा आला, की हेच मशीन गालावर लावणारे बरेच आहेत. हा करंट स्नायूला थेट हलवत नाही, त्याच्या नसेला जागं करतो. नस पूर्ण निकामी झालेल्या स्नायूला कित्येक मिलिसेकंदांचा लांब पल्स लागतो. ३०० मायक्रोसेकंदांत तो ढिम्म हलत नाही. मग करंट वाढवला जातो, आवळतो शेजारचा चावण्याचा स्नायू, ज्याची नसच वेगळी आहे, आणि घरच्यांना वाटतं चेहरा सुधारतोय. अशक्तपणाच्या इतर आजारांतही सावध राहा. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत, म्हणजे स्नायू झिजत जाण्याच्या आनुवंशिक आजारात, स्नायूपेशीचं आवरणच नाजूक असतं, जोराच्या आवळणीने ते आणखी फाटतं. मायस्थेनियात (स्नायू पटकन थकण्याचा आजार) बिघाड नस आणि स्नायूच्या जोडावर आहे, तिथे मांडी बळकट करायचा हा उपाय मुळाशी पोचतच नाही. निदान झालेलं नसताना अशक्तपणावर हे मशीन लावणं म्हणजे तपासणी लांबवणं.

पेसमेकर असेल, तर अजिबात नको. मानेच्या पुढच्या बाजूला, छातीवर आणि गरोदरपणी पोटावर लावायचं नाही. अंगभर ईएमएस सूट घालणाऱ्या स्टुडिओंची गोष्ट आणखी वेगळी: पहिल्याच दिवशी जोर लावल्याने स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण आल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली आहेत. सेशननंतर काळ्या चहासारखी लघवी झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मशीनपेक्षा आधी मरतात ते पॅड आणि वायर. तेल चोळलेल्या पायावर जेल धरत नाही. साबणाने धुऊन कोरडं करूनच लावा. केस कात्रीने कापा, लगेच आधी वस्तरा फिरवू नका. जेल सुकलं की कड उचलते आणि उरलेल्या जागेत करंट एकवटून चटका बसतो. पाण्याचा थेंब चोळून थोडे दिवस निभावतं, मग पॅड बदलाच. वायर पिनेच्या मानेशी तुटते, कारण सगळे वायर धरून ओढतात. अर्धवट तुटलेली वायर जास्त वाईट: संपर्क सुटतो, माणूस करंट वाढवत नेतो, आणि हात लागून वायर जुळली की जोराचा दणका बसतो. करंट मध्येच गेला, तर आधी शून्यावर आणा, मग वायर तपासा.

फक्त आपल्याच कंपनीचे, खास बटणाने बसणारे पॅड लागणाऱ्या ब्रँडपेक्षा २ मिलिमीटर पिनेचं मशीन घ्या. सुटे पॅड सर्जिकलच्या दुकानातही मिळतात.