नऊ महिने, चोवीस टाक्या: ॲव्हरेज वाढवायच्या घरगुती उद्योगांचा हिशेब

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. गाडी लिटरमागे 15.6 किलोमीटरवरून 18.1 वर आली. गाडीला मी जे जे चिकटवलं, बांधलं, जोडलं त्यातलं जवळजवळ काहीच कामी आलं नाही. जे काढून टाकलं आणि जे दुरुस्त केलं, त्याने फरक पडला. शेवटचा तुकडा माझ्या उजव्या पायाचा आहे. आता सविस्तर.

गाडी बारा वर्षांची. पेट्रोल हॅचबॅक, 1200 सीसी, पाच गिअर, हाताने बदलायचे. रोजचं जाऊन-येऊन 46 किलोमीटर, त्यातले तीसेक हायवेचे, बाकी सिग्नल. नऊ महिन्यांत 11,200 किलोमीटर झाले आणि टाकी चोवीस वेळा भरली.

मोजायची पद्धत सगळ्यात महत्त्वाची. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. तोच पंप, तेच मशीन, नोझलने पहिल्यांदा ‘टक्’ केलं की बस्स. वरून बिल गोल करायला थेंब थेंब ओतायचं नाही. (पंपावरच्या पोराला हे समजावायला तीन फेऱ्या लागल्या. चौथ्यांदा मला बघून तो स्वतःच हात वर करायला लागला.) लिटर आणि किलोमीटर वहीत, त्याच्या शेजारी हवामान आणि एसी किती चालला याची नोंद.

पहिल्या चार टाक्या गाडीला हातही लावला नाही. आकडे आले 15.1, 16.0, 15.4, 15.8. काहीही न करता जवळजवळ एक किलोमीटरचा फरक! कधी ट्रॅफिक जास्त, कधी वारा समोरून, कधी गाडीत चार माणसं. ‘अमुक बसवलं आणि ॲव्हरेज एकने वाढलं’ असं एका टाकीच्या जोरावर कोणी सांगितलं, की मला आता ही चार आकड्यांची ओळ आठवते. म्हणून मी प्रत्येक गोष्ट निदान दोन-तीन टाक्या चालवून बघितली, जमेल तिथे काढून परत मोजलं.

पहिली खरेदी ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरची तपासणी यंत्रणा) अडॅप्टरची. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात बसणारी काडेपेटीएवढी ब्लूटूथ डबी. मोबाइलवर इंजिनचे आकडे दिसतात. याने स्वतः एक थेंब पेट्रोल वाचत नाही, पण बाकी सगळ्याची सुरुवात इथून झाली. दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं की हायवेवर ऐंशीच्या वेगाला कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान 68-70 अंशांवर घसरतंय आणि सिग्नलला थांबलो की 85 वर चढतंय. डॅशबोर्डवरचा काटा मात्र मधल्या रेघेच्या जरासा खाली. वर्षानुवर्षं तो तिथेच बघत आलोय, कधी शंका आली नाही.

थर्मोस्टॅट उघडा अडकला होता. ही छोटीशी झडप इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती उघडीच राहिली तर वाऱ्यावर इंजिन गारच राहतं, कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून गरम व्हायचीय, मग तो पेट्रोल जास्त सोडतो. वर गार ऑइल घट्ट राहतं ते वेगळंच. जुना थर्मोस्टॅट काढून हातात घेतला तर झडपेच्या कडेला गाळाचा खडा अडकलेला, फटीतून पलीकडचं दिसत होतं. नवा बसवण्याआधी खात्री म्हणून एका जुन्या पातेल्यात पाण्यात सोडला, थर्मामीटर धरला आणि गॅस लावला. त्याच्यावर 82 कोरलेलं होतं. ऐंशीपर्यंत तो दगडासारखा बंद. त्र्याऐंशीला मधली चकती केसभर हलली आणि मग एखाद्या फुलासारखी सावकाश वर आली. शेजारी जुना, आधीपासूनच तोंड वासून बसलेला. घरच्यांनी ‘पातेलं आता परत स्वयंपाकघरात आणू नकोस’ एवढंच म्हटलं.

तीन टाक्यांची सरासरी 16.4. एका झडपेने 0.8! ही सुधारणा नव्हे, दुरुस्ती आहे असं कोणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. पण तुमची गाडी जुनी असेल तर माझा सल्ला हाच, की काही नवीन बसवण्याआधी आहे ते चालतंय का बघा.

मग टपावरचा कॅरिअर. एका सहलीसाठी बसवलेला, दोन वर्षं तसाच. काढायला दहा नंबरचा पाना आणि पंधरा मिनिटं लागली. सत्तरच्या पुढे गेलं की जी शिट्टी वाजायची ती गायब झाली. शिट्टी म्हणजे हवा ढवळली जातेय आणि ती ढवळायची ऊर्जा टाकीतून येतेय, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. माझ्यासारख्या छोट्या गाडीत साधारण साठच्या आसपास तो टायरच्या अडथळ्याच्या बरोबरीला येतो आणि शंभरला त्याच्या अडीचपट होतो. म्हणून शहरात कॅरिअर काढून काही कळत नाही, हायवेवर कळतं. सरासरी 17.0. याहून स्वस्त उपाय मला सापडला नाही.

त्यानंतर मी एक चूक केली. टायरची हवा आणि ब्रेक, दोन्ही एकाच आठवड्यात हाताळले. त्यामुळे कशाने किती वाढलं ते आजही सांगता येत नाही, दोन्ही मिळून 17.4. हवेचं सांगायचं तर एक टायर 24 पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) निघाला, बाकी तीन 29-30 वर. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर 32 लिहिलंय. चारही टायरांत एक पीएसआय कमी असला तर साधारण 0.2 टक्के मायलेज जातं, म्हणजे हवेने चमत्कार होत नाही. तरी मला हाव सुटली आणि मी चाळीसपर्यंत नेली. गाडी घरंगळायला छान लागली, यात शंका नाही. पहिल्याच पावसात सिग्नलला ब्रेक दाबला तेव्हा ती नको तेवढी छान घरंगळली. पुढच्या गाडीच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबलो. त्या संध्याकाळीच परत 33 केली. हे करू नका.

ब्रेकचं मात्र आवर्जून करा. वीस किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांच्या मध्याजवळ हाताचा मागचा भाग न्या, टेकवू नका. माझं पुढचं डावं चाक इतरांपेक्षा स्पष्ट तापलेलं होतं, जळका वास पण. जॅकवर घेऊन न्यूट्रलमध्ये हाताने फिरवलं. उजवं चाक दीड फेरी गेलं, डावं पाव फेरीत ‘खर्र’ करून थांबलं. कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून जाम झाली होती, त्यामुळे पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहायचं. पिन काढून साफ केली, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं, फाटलेलं रबर बदललं. म्हणजे किती महिने मी ब्रेक दाबून गाडी चालवत होतो देव जाणे. हात बसलेला नसेल तर हे काम मेकॅनिककडून करून घ्या, आणि स्वतः करणार असाल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर चाक काढू नका, खाली स्टँड लावा.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. आता उद्योग.

समोरची जाळी झाकायची, म्हणजे बोनेटखाली हवा कमी शिरते आणि अडथळा कमी होतो. कल्पना खोटी नाही. काही नव्या गाड्यांत जाळीमागे उघडझाप करणाऱ्या पट्ट्या कंपनीच देते. पण त्या पट्ट्या गरज पडली की उघडतात, माझा प्लास्टिकचा पत्रा उघडत नव्हता. हायवेवर सगळं ठीक होतं. ट्रॅफिकमध्ये कूलंट 101 वर गेलं, पंखा सतत चालू, आणि एसीतून कोमट वारा यायला लागला, कारण एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढेच असतो आणि त्यालाही हवा लागते. दोन टाक्या, 17.3. काढून टाकला.

मग गाडीचं पोट. खालून बघितलं तर गाडी म्हणजे खाचखळगे, पाइप आणि बोल्ट. ते झाकलं तर हवा सरळ निघून जाईल. नालीदार प्लास्टिकचा पत्रा आणला, पुठ्ठ्याचा साचा करून कापला, केबल टायने बांधला. दोन रविवार गेले. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवला होता, कारण त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) शेकडो अंश तापतो आणि त्याच्याजवळ प्लास्टिक म्हणजे आगीला आमंत्रण. आकडा आला 17.5. म्हणजे वाढला की नाही, हे माझी वहीच सांगू शकत नाही. तिसऱ्या आठवड्यात ऐंशीच्या वेगाला खालून बंदुकीसारखा आवाज आला. पुढच्या कडेचे दोन टाय तुटले होते, पत्र्यात हवा भरली आणि तो छत्रीसारखा उलटा होऊन रस्त्यावर घासत येत होता. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने हॉर्न वाजवून थांबवलं. पत्रा सुटून त्याच्या अंगावर गेला असता तर? कडेला गाडी घेऊन घरच्या कात्रीने उरलेले टाय कापताना मला स्वतःचीच लाज वाटत होती. पुढची कड बंपरला वॉशर घालून स्क्रूने धरायला हवी होती हे आता कळतं, पण परत करणार नाही.

लोहचुंबकाबद्दल एका मित्राने आग्रहच धरला होता. ‘अरे, पेट्रोलच्या पाइपाला लाव, रेणू सरळ होतात.’ लावलं. रेणूंनी काही मनावर घेतलं नाही, 17.2. त्यानेच दिलेली ‘इंधन बचत’ची ओबीडीत खोचायची डबी मी उघडून पाहिली. आत एक बटण, तीन दिवे आणि ते लुकलुकवणारी एक चिप. गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायच्या पिनांना एकही तार जोडलेली नव्हती. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आजवर अशी शंभराहून अधिक उपकरणं तपासली आणि मायलेजमध्ये लक्षणीय वाढ एकानेही दाखवली नाही.

पाण्यापासून हायड्रोजन काढून इंजिनमध्ये सोडायची बाटली मात्र मी बसवलीच नाही, आधी कागदावर हिशेब केला. बाटलीला 200 वॅट वीज द्यायची तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) आणि इंजिन या दोघांतला तोटा धरून साधारण बाराशे-तेराशे वॅटचं पेट्रोल जळतं. त्यातून मिळणारा हायड्रोजन शंभर-सव्वाशे वॅटचा. हा धंदा बुडणार हे कळायला कारखाना काढायची गरज नाही.

एअर फिल्टरबद्दल बरेच जण विचारतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेज पडायचं. इंजेक्शनच्या गाडीत (जिथे पेट्रोल कॉम्प्युटर मोजून सोडतो) धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर असतो, हवा कमी आली तर पेट्रोलही कमी सोडलं जातं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये हेच तपासून पाहिलं होतं. घाण फिल्टरने पिकअप जातं, ॲव्हरेजला फारसं काही होत नाही. इंजिनसाठी बदला, पेट्रोलसाठी नको.

उरला उजवा पाय. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची माझी वीस वर्षांची सवय, वडिलांकडून आलेली. त्यांच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत तिला अर्थ होता. एकदा सोबत बसलेल्याला मोबाइलवर नजर ठेवायला सांगितलं. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की क्षणात ऑक्सिजन सेन्सरचा आकडा शून्याजवळ जाऊन पडतो आणि तिथेच राहतो. म्हणजे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) बंद, सिलिंडरमधून नुसती हवा जातेय, इंजिनला चाकं फिरवतायत. न्यूट्रलला टाकलं की आकडा परत वरखाली नाचायला लागतो, कारण इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. थांबायचंच असेल तर न्यूट्रल म्हणजे शुद्ध खर्च, वर इंजिनचा ब्रेकही हातचा जातो. आणि उतारावर इंजिन बंद करणारे महाभाग अजून भेटतात, त्यांना एवढंच सांगतो, की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक लाकडासारखा कडक होतो, आणि किल्ली फार मागे फिरली तर स्टिअरिंगही लॉक होतं.

बाकी साधंच. हायवेवर शंभरऐवजी ऐंशी ते पंच्याऐंशी. माझ्या तीस किलोमीटरला यात तीन ते साडेचार मिनिटं जास्त लागतात. लांबचा लाल सिग्नल दिसला की तेव्हाच पाय काढायचा. पहिला आठवडा मागच्यांचे हॉर्न ऐकावे लागतात, मग एक तर ते कमी होतात किंवा आपले कान तयार होतात. शेवटच्या सात टाक्यांची सरासरी 18.1.

कॅरिअर माळ्यावर आहे. सुट्टीत सामान जास्त होतं म्हणून एकदा बसवला आणि परत आलो त्याच रात्री टॉर्चच्या उजेडात काढला. पाना आता दाराच्या खणातच असतो. पोटाच्या पत्र्याचे तुकडे चपलांच्या रॅकखाली घातलेत.

एक कबुली राहिली. गेल्या महिन्यात हायवेवर जीपीएस लावून मीटर तपासला. जीपीएसचे 100 किलोमीटर झाले तेव्हा गाडी 103 दाखवत होती. म्हणजे वरचा प्रत्येक आकडा मी तीन टक्के फुगवून सांगितलाय, खरं 18.1 म्हणजे साडेसतरा-पावणेअठरा. टायर तेच असल्यामुळे आधीचे आकडेही तेवढेच फुगलेले होते, त्यामुळे टक्क्यांतल्या फरकाला धक्का लागत नाही. पुढच्या वर्षी टायर बदलायचे आहेत. तेव्हा नव्याचा घेर किंचित वेगळा निघाला तर गाडीत काहीही न बदलता वहीतलं ॲव्हरेज बदलेल, म्हणून त्या दिवशी आधी शंभर किलोमीटर जीपीएस लावून चालवणार आहे.