म्हैसमाळ-वेरूळची एक दिवसाची बस सहल: घाट झकास, वेळेची वाटणी चुकलेली

पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरातून म्हैसमाळ-वेरूळच्या बस निघतात. घरची गाडी असताना बसने कशाला जायचं, असं आमच्याकडे सगळेच विचारतात. माझं उत्तर एकच, घाटासाठी. बसची सीट उंच असते. कठड्यापलीकडची, झुडपांपलीकडची दरी बसल्या जागी दिसते, आणि गाडी चालवणाऱ्यालाच तेवढी बघायला मिळाली नाही असंही होत नाही.

मी परभणीची, भूगोलाची निवृत्त शिक्षिका. सोबत माझी मोठी बहीण, अक्का. तिचे गुडघे दुखतात, म्हणून चढ-उतार आणि थांबे मी जरा बारकाईनं पाहिले.

माणशी ७०० रुपये, नाश्ता आणि जेवण धरून. सकाळी ७ ला क्रांती चौकातून बस वेळेवर सुटली. बसची पहिली पायरी उंच आहे, पण क्लीनर पोरगा प्रत्येक थांब्यावर न सांगता लाकडी पाट खाली ठेवायचा आणि अक्काला हात द्यायचा. "सावकाश उतरा माय, घाई नाही." या पोराला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण.

छावणी, मिटमिटा, शरणापूर फाटा मागे पडलं की देवगिरीचा डोंगर समोर येतो. कुणाला चढताच येऊ नये म्हणून त्याचा कडा खालून उभाच्या उभा तासलेला आहे. पुढे रस्ता थेट जुन्या दिल्ली दरवाज्यातून जातो. तिथे एका वेळी एकच मोठी गाडी निघते. क्लीनर पुढे पळाला, समोरची वाहनं थांबवली, ड्रायव्हरनं आरसे दुमडून घेतले आणि बस त्या दगडी कमानीतून अलगद काढली. सगळी बस श्वास धरून बसली होती. बाहेर पडल्यावर टाळ्या वाजल्या, आणि त्या वाजायलाच हव्या होत्या.

तिथून घाट सुरू. मागे वळून बघा, किल्ला खाली खाली जात राहतो. डोंगरांचे माथे सपाट, उतार पायऱ्यापायऱ्यांचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यांतले कठीण थर टिकले, मऊ झिजले, म्हणून या पायऱ्या. वर्गात फळ्यावर खडूनं काढून दाखवायचे ते इथे खिडकीतून सलग दिसतं. फक्त बसमधली गाणी इतकी मोठ्यानं होती की शेजारच्या मुलाला हे सांगायला मला ओरडावं लागलं. निदान घाटात तरी गाणी बंद ठेवा.

हातकागदासाठी नावाजलेलं कागजीपुरा बसमधूनच पाहिलं. खुलताबादला निद्रिस्त भद्रा मारुतीचं दर्शन झालं, नंतर औरंगजेबाची साधी, उघड्यावरची कबर. ज्यानं खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर वसवलं, त्या मलिक अंबरची कबरही याच गावात आहे. तिकडे कोणी नेलं नाही, याची मला खंत वाटते.

खुलताबादपासून म्हैसमाळ १२ किलोमीटरच्या आसपास. उंची १०६७ मीटर. वर पोचलो तेव्हा सगळं पांढरं, हातभर पुढचं दिसेना. काही मंडळी लगेच बसकडे वळली. ड्रायव्हर म्हणाला, "दम धरा मावशी, ढग सरकायलाय." खरंच, थोड्या वेळानं ढगाला भोक पडल्यासारखं झालं आणि खाली हिरवी शेतं, तळी, पाण्यानं चमकणारे ओहोळ दिसले. गिरिजा नदी याच डोंगरांत उगम पावते. कठड्याजवळ तेरडा फुलला होता. तिथल्या काळ्या दगडावर मी बोट फिरवलं. त्यात हरभऱ्याएवढी भोकं आणि काहींत पांढरे खडे बसलेले. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत राहिले, पुढे त्या पोकळ्यांत खनिजं साचली. अक्कानंही हात लावून पाहिला आणि कितीतरी वेळ त्या दगडापाशीच उभी राहिली.

आणि तेवढ्यात शिट्टी. म्हैसमाळला फक्त ४० मिनिटं! गिरिजामातेचं दर्शन घाईघाईत उरकलं, भाजलेलं कणीस बसमध्ये नेऊन खाल्लं. हीच बस नंतर साड्यांच्या एका दुकानापुढे तासभर उभी होती. ज्यांना खरेदी करायची त्यांनी खुशाल करावी, पण आम्ही पैसे डोंगरासाठी मोजले होते. माझा खरा राग यावर आहे, आणि आयोजकांना मी तसं तोंडावर सांगितलं.

नाश्त्याला धपाटे-दही, चांगले. जेवण उत्तम. ज्वारीची गरम भाकरी, पिठलं, ठेचा आणि येसराची आमटी. आमटी दुसऱ्यांदा मागितली तरी कुणी तोंड वाकडं केलं नाही. स्वच्छतागृह मात्र जेवणाच्या ठिकाणीच धड होतं. वयस्कर माणसं सोबत असतील तर हे आधी विचारून घ्या.

दुपारी वेरूळ. कैलास लेणं प्रवेशद्वारासमोरच असल्यानं अक्कालाही जमलं. सकाळी घाटात पाहिलेल्याच खडकात, वरून खाली कोरत आणलेलं हे मंदिर. डोंगर पाहून मग लेणं, हा क्रम ज्यानं ठरवला त्याला खरोखर दाद द्यायला हवी. बाकी लेणी मात्र या सहलीत होत नाहीत. त्यासाठी वेगळा दिवस काढा.

बुकिंग करताना मंगळवार टाळा, वेरूळची लेणी बंद असतात. श्रावणातला शनिवारही नको, भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्या भाविकांनी रस्ता भरलेला असतो. पातळ स्वेटर जवळ ठेवा. आणि पैसे भरण्याआधी म्हैसमाळला किती वेळ थांबणार ते विचारा. दोन तासांपेक्षा कमी सांगितलं तर घासाघीस भाड्यावर करू नका, वेळेवर करा.