पार्सन्सचा सिक रोल की गॉफमनचा स्टिग्मा?

नर्सिंग, फिजिओ, मेडिकल कुठेही असा, समाजशास्त्र आलं की हे दोघं समाजशास्त्रज्ञ भेटतातच आणि परीक्षेत त्यांची हमखास सरमिसळ होते.

टॅलकट पार्सन्सने 1951 मध्ये मांडलं की आजारी असणं ही पण एक सामाजिक भूमिका आहे (हाच सिक रोल), म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला कामातून सुट्टी मिळते आणि आजाराचा दोष कोणी देत नाही, हे झाले दोन हक्क, पण बदल्यात त्याने बरं व्हायची इच्छा ठेवायची आणि डॉक्टरचं ऐकायचं. फ्लू, फ्रॅक्चर, अपेंडिक्स, फिट्ट बसतं.

घोळ होतो डायबेटिसला. तो बहुतेकदा जन्माचा सोबती, मग माणूस काय कायम सुट्टीवर? आणि दोष देत नाहीत म्हणे! एचआयव्ही, व्यसन, अगदी लठ्ठपणा घ्या, लोक आधी बोट पेशंटकडेच दाखवतात.

इथे अर्व्हिंग गॉफमन कामाला येतो. त्याचा 1963 चा मुद्दा असा की समाज काही गोष्टींवर कमीपणाचा शिक्का (हाच स्टिग्मा) मारतो आणि मग माणूस त्या शिक्क्यानेच ओळखला जातो. काहींचा शिक्का दिसतो, काहींचा लपवता येतो, आणि लपवणारा (एपिलेप्सीवाला समजा) सतत टेन्शनमध्ये की कोणाला कळलं तर, म्हणून तो चारचौघात गोळी घेत नाही, फॉलोअपला येत नाही, आणि आपण फाईलवर लिहून मोकळे, 'पेशंट ऐकत नाही'.

मला विचाराल तर वॉर्डात गॉफमन जास्त उपयोगी. पण आजारपणाच्या रजेला डॉक्टरचं सर्टिफिकेट का लागतं, हे पार्सन्सच नीट सांगतो.