पेन ड्राईव्हवरच्या गाण्यांचा आवाज कायमचा सारखा करायचाय? एमपीथ्रीगेन, रिप्लेगेन की ऑडॅसिटी

गाणी एमपीथ्री असतील आणि गाडीच्या स्टिरिओवर वाजणार असतील, तर माझं मत सरळ आहे: एमपीथ्रीगेन हा संगणकावरचा प्रोग्रॅम वापरा. कोल्हापुरातून गगनबावड्याकडे निघाल्यावर केसरबाई केरकरांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेमागून मिरवणुकीतलं दणदणीत गाणं लागलं, तर घाटाच्या वळणावर आवाजाच्या बटणाशी झटापट नको.

एमपीथ्रीच्या प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे फाईलच्या छोट्या तुकड्यात, आवाजाच्या पातळीचा एक आकडा असतो. एमपीथ्रीगेन फक्त तोच बदलतं. गाणं उलगडून पुन्हा दाबलं जात नाही, म्हणून दर्जा तसाच राहतो. बदल साधारण १.५ डेसिबलच्या टप्प्यांनी होतो आणि आपण न बदलल्यास लक्ष्य पातळी ८९ डेसिबल असते. किती बदल केला याची नोंद टॅगमध्ये, म्हणजे फाईलला जोडलेल्या माहितीत, राहते, त्यामुळे तो उलटवताही येतो.

२००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांडलेली रिप्लेगेन पद्धत आवाजाच्या डेटाला हातच लावत नाही. किती वाढवायचं किंवा कमी करायचं एवढंच ती टॅगमध्ये लिहिते. घरच्या संगणकावर फ्लॅकचा (दर्जा न घटवता गाणी साठवणाऱ्या फाईलींचा) संग्रह असेल, तर याहून चांगलं काही नाही. गाणी वाजवणारा फूबार२००० हा प्रोग्रॅम तो टॅग नीट वाचतो. गाडीतले बहुतेक स्टिरिओ मात्र त्याकडे बघतही नाहीत.

ऑडॅसिटी हा ध्वनिसंपादनाचा प्रोग्रॅम मी एमपीथ्रीसाठी शेवटी ठेवेन. तिथे फाईल उलगडून पुन्हा एमपीथ्री करावी लागते आणि दर वेळी थोडा दर्जा जातो. फ्लॅकला ही अडचण नाही. वापरायचंच असेल तर नॉर्मलाईझ आणि लाउडनेस नॉर्मलायझेशन यांतला फरक ओळखा. पहिलं फक्त आवाजाचं सर्वात उंच टोक बघतं. जुन्या ७८ आरपीएम तबकडीवर एखादा जोरदार ‘टक’ असला, की तेच टोक धरलं जातं आणि गाणं हळूच राहतं. दुसरं कानाला जाणवणारी पातळी मोजतं. गाण्याबरोबर मागची खरखर मात्र दोन्हींत वाढते.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर सांभाळावी. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँ गायले, त्या कोल्हापुरात तर नक्कीच. मैफलीतला विलंबित ख्याल एका फाईलमध्ये आणि द्रुत दुसऱ्या फाईलमध्ये असेल, तर प्रत्येक फाईल वेगळी मोजणारं ट्रॅक गेन दोघांना एकाच उंचीवर आणतं आणि गायकानं हळूहळू चढवत नेलेला आवाज सपाट होतो. अशा वेळी अल्बम गेन निवडा, मग सगळ्या फाईल एकाच मापानं वर-खाली होतात. एमपीथ्रीगेन आणि रिप्लेगेन, दोन्हींत ही सोय आहे.

एमपीथ्रीगेनमध्ये क्लिपिंगच्या (आवाज फाटण्याच्या) रकान्यात खूण दिसली, तर सगळ्या फोल्डरसाठीच लक्ष्य ८९ वरून थोडं खाली आणा. कमी पडलेला आवाज स्टिरिओवर वाढवता येतो, फाटलेला तिथे दुरुस्त होत नाही.