वसई किल्ल्याची सहल: गाइड पैकीच्या पैकी, वेळ मात्र फार कमी

सोलापूरहून सहली नेणाऱ्या एका संस्थेबरोबर वसईचा किल्ला पाहून आलो. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळी दादरला उतरून विरार लोकल. नाश्ता, रिक्षा सगळं वेळेवर. पण पैसे वसूल झाले ते गाइडमुळे.

पोरगा वसईचाच. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने मुघलांच्या धास्तीने वसई पोर्तुगीजांना दिली, इथून त्याने सुरुवात केली. फ्रान्सिस्कन चर्चचं छप्पर गेलंय, पण जमिनीत थडग्यांच्या शिळा अजून आहेत. सावलीतल्या एका शिळेवर त्याने मोबाइलचा टॉर्च तिरका धरला आणि सपाट वाटणाऱ्या दगडावर पोर्तुगीज अक्षरं, घराण्याचं चिन्ह उठून आलं. आमच्यातली लहान मुलंसुद्धा गुडघ्यावर बसून बोट फिरवत होती.

मराठ्यांनी घातलेला १७३९ चा वेढा तर ऐकावा त्याच्याच तोंडून. सेंट सेबॅस्टियन बुरुजाखालचे सुरुंग, काही उशिरा उडाल्याने आपलीच दगावलेली माणसं, आणि शेवटी मे महिन्यात शरण आलेल्या पोर्तुगीजांना चिमाजीअप्पांनी मानाने बाहेर पडू दिलं, ते सगळं. नाशिकची नारोशंकराची घंटा इथल्या लुटीतली, हेही त्याने सांगितलं. उगाच जयघोष नाही की रचलेल्या गोष्टी नाहीत. मला हे फार आवडलं.

दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो इथेच, ३१ डिसेंबर १८०२ ला. पुढे पेशवाई संपवताना मे १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोने आपल्या सोलापूरच्या भुईकोटाला वेढा घालून तो घेतला. लहानपणापासून ज्या खंदकाशेजारी खेळलो त्याचा धागा या समुद्रापर्यंत येतो, हे त्या भिंतींमध्ये उभं राहिल्यावर मनाला भिडलं.

तक्रार एकच, पण मोठी. एवढ्या पसरलेल्या किल्ल्याला जेमतेम दोन तास. सेंट जोसेफ कॅथेड्रलचा मनोरा खालूनच पाहिला आणि दर्या दरवाजाकडे तर अक्षरशः पळत गेलो, कारण पुढे ‘मुंबई दर्शन’ आणि खरेदी. ज्यांना खरेदी करायची त्यांनी करावी. किल्ल्याच्या नावाने पैसे घेता तर अर्धा दिवस तरी द्या. बुकिंग करताना हे आधीच बोलून घ्या. पिण्याचं पाणी सोबत असू द्या, आत उन्हाला आडोसा कमी आहे.