जपानी राइस कुकर पुण्याच्या ओट्यावर

भाताला दहापैकी नऊ, बटणांना पाच.

जपानहून परतलेल्यांकडून पुण्यात हाती लागणारा, तिथल्याच बाजारासाठी बनलेला साडेपाच मापांचा आयएच (इंडक्शन हीटिंग) कुकर घेणार असाल तर आधी विजेचं बघा. तो १०० व्होल्टचा असतो. त्याची चपटी पिन आपल्या मल्टिसॉकेटात सहज बसते आणि घात तिथेच होतो: २३० व्होल्टने आतलं सर्किट जळतं. प्रवासी अडॅप्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. तापकीर गल्लीत ट्रान्सफॉर्मर मागताना ‘२३० ते १००, २००० व्हीए’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर अमेरिकन वस्तूंसाठीचा ११० व्होल्टचा गळ्यात पडेल. कुकर साधारण १२०० वॉट ओढतो, तेव्हा जोडणी १६ अँपिअरच्या सॉकेटलाच.

बटणांवर सगळं जपानी. वाचता येत नसेल तर बोट फिरवा: बहुतेक मॉडेलांवर उंचवट्याचं टिंब म्हणजे सुरू, उंच पट्टी म्हणजे रद्द. तिथल्या जेआयएस मानकातली ही खूण दिसत नसलेल्यांसाठी आहे, आपल्यालाही पुरते.

शिट्टी नाही, शेवटी धून वाजते. नेहमीच्या प्रोग्रॅमला पाऊण ते एक तास लागतो, कारण तांदूळ भिजवणं आणि भात मुरवणं त्यातच धरलेलं असतं. उरलेली मिनिटं मात्र अगदी शेवटी दिसतात. ‘अडकला वाटतं’ म्हणून मध्येच रद्द केलंत की भात कच्चा. झाल्यावर तो आपोआप गरम ठेवत राहतो, रद्द दाबेपर्यंत.

खरी गंमत टायमरची. ७:०० लावलं तर सातला कुकर सुरू होत नाही, सातला भात तयार असतो. त्यात घड्याळाला आतली बॅटरी असली तर ते जपानचीच वेळ दाखवतं, आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढची. म्हणजे पहाटे साडेतीनला भात तयार! घड्याळ २४ तासांचं, तेही आधी लावून घ्या.

भांड्यातल्या रेघा १८० मिलीच्या मापासाठी (सुमारे १५० ग्रॅम तांदूळ) आणि आखूड, चिकट दाण्यासाठी. मावळचा इंद्रायणी त्या रेघेवर सुरेख होतो. नवा असेल तर जरा खालीच थांबा. कोलमची मात्र कणी राहते, दोन मापांना एक माप पाणी जास्त घाला.

आयएचची कॉइल भांडंच तापवते, त्यामुळे त्याजागी दुसरं पातेलं चालत नाही. घेताना भांड्याचा आतला थर उजेडात धरून पाहा. खरवडलेला असेल तर सोडून द्या.